काडीवरचा पास्ता, पितळेचा डबा

सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं बंदर आहे. तिथल्या बायका कणकेची बारीक वळी गवताच्या वाळक्या काडीवर मळसूत्रासारखी गुंडाळतात, तळहाताने एकदा पुढे लोटतात आणि काडी अलगद ओढून घेतात. जो पोकळ, पिळदार तुकडा हाती राहतो त्याला बुसियाते म्हणतात. पवनी-लाखांदूरकडच्या एखाद्या सत्तरीतल्या आजीपुढे हे ताट ठेवलं, तर ती चष्मा वर सारून म्हणेल, "हे त सरगुंडेच होय ना बाप्पा!"

आणि ती चूक ठरणार नाही. विदर्भातले सरगुंडे असेच होतात. घट्ट भिजवलेली कणिक, हातावर वळलेली दोरी, तिला काडीचा आधार. आंब्याच्या दिवसांत जावई पाहुणचाराला आला की रस आणि सरगुंडे. एरवी दूध-साखर किंवा गुळाचं पाणी. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे हे सगळं याच घराण्यातलं. लग्नाच्या रुखवतात ही मंडळी ताटाताटांनी मांडलेली असायची आणि सुनेच्या माहेरची बोटं किती तयार आहेत याचा निकाल तिथेच लागायचा. परीक्षाच ती, तिच्यातला जाच विसरून नुसतं कौतुक करायचं कारण नाही.

हल्ली दिवाळीत 'इटालियन' भेटपेट्या देण्याची हौस आली आहे. परदेशी पास्त्याचं पाकीट, सुकवलेल्या टोमॅटोची बाटली, वर रिबीन. पास्ता आवडतो म्हणूनच मला ही पेटी फिकी वाटते. इटलीकडून घ्यावं असं त्या पाकिटाच्या पलीकडे बरंच आहे.

कोणी कोणाची नक्कल केली, हा वाद इथे उपयोगाचा नाही. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट तर निव्वळ दंतकथा. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये, आणि जिनोआतल्या १२७९ च्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेली टोपली नोंदलेली आहे. त्याहून आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराने सिसिलीतल्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाचे पिठाचे तंतू बनत आणि जहाजांनी दूरदूर जात, असं लिहून ठेवलं. वाळवलेलं पीठ टिकतं, ओझ्याला हलकं असतं आणि कुठेही शिजतं. जिथे गहू आणि ऊन दोन्ही आहेत, तिथे बायकांना ही युक्ती सुचायला जहाजाची वाट पाहावी लागत नाही.

फरक पडला तो पुढे. इटलीने आपल्या पिठाला नियम लावले. १९६७ च्या कायद्याने तिथे विकला जाणारा सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच हवा, असं ठरलं. हा कठीण गहू म्हणजे आपला बन्सी. त्यातली प्रथिनं रव्याला घट्ट धरून ठेवतात, म्हणून उकळत्या पाण्यात तुकडा गळत नाही. पोळीच्या लोकवन गव्हाचे सरगुंडे दिसायला देखणे होतात, पण पातेल्यात जरा दुर्लक्ष झालं की लगदा. (आपण मधुमेह्यांसाठी शोधत फिरतो तो खपली गहू तिकडे 'फार्रो' म्हणून मिरवतो, हे जाता जाता.) नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावाच्या पास्त्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळालाही २०२३ मध्ये असं मानांकन मिळालं. धानाच्या जिल्ह्याला ते शोभतंच. पण इथल्या बायकांच्या हातच्या पदार्थांचा विचार अजून कोणी त्या अंगाने केलेला दिसत नाही. शेवया-कुरड्या बचत गटांच्या टेबलावर तरी दिसतात, सरगुंडे क्वचितच.

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात, आणि इथे गोष्ट रंगतदार होते. चांगला पास्ता कांस्याच्या साच्यातून काढलेला असतो, असं इटलीतले जाणकार सांगतात. धातूला घासत बाहेर पडताना पिठाचा पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यावर रस्सा चिकटून राहतो. टेफ्लॉनचा साचा काम झटपट करतो, पण त्यातून निघालेला पास्ता गुळगुळीत, पिवळाधमक, आणि सॉस त्यावरून निथळून जातो. आपल्या आज्यांच्या पितळी सोऱ्याची जाळी हेच काम करत आली आहे. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. शेवईच्या दृष्टीने सख्खे चुलतभाऊ. स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, आणि आंदणात मिळणारे गुंड, गंज, कोपर माळ्यावर गेले. कासारांच्या भट्ट्याही त्याच काळात थंडावत गेल्या.

इटलीत लग्नाच्या पाहुण्यांना 'बोंबोनिएरा' देतात. छोटीशी डबी, आत साखरेत घोळलेले पाच बदाम. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य यांसाठी एकेक. आब्रुत्सो प्रांतातल्या सुल्मोना गावी पेलिनो घराणं १७८३ पासून हे बदाम बनवतंय. डबी घरात राहते, बदाम संपतात. आपल्याकडे पितळी डबा आहे, त्यात घालायला बन्सीचे सरगुंडे आहेत, वर बांधायला मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या कापडाचा तुकडा आहे. ही पेटी मला त्या रिबीनवाल्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त इटालियन वाटते.

करून पाहायचं तर दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली वाळवण्याची. कडक उन्हात घातले की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलावा अडकतो आणि तुकड्याला केसासारख्या चिरा जातात. शिजताना तो तिथेच तुटतो. ग्रान्यानोच्या बोळांतून समुद्राचा दमट वारा वाहायचा, त्याने पास्ता सावकाश सुकायचा. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ते काम सावलीने आणि वरून टाकलेल्या पातळ धोतराने करावं. दुसरी पितळेची. कोरडा जिन्नस बिनघोर ठेवावा, आंबट काही ठेवायचं तर आतून कल्हई हवीच.

शिजवताना इटालियन हिशेब सोपा आहे : १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ. त्रापानीत बुसियातेवर बदाम, लसूण, टोमॅटो, तुळशीच्या जातीतली बॅसिलची पानं आणि ऑलिव्ह तेल खलात कुटून घालतात. बदामाच्या जागी भाजलेले शेंगदाणे, बॅसिलच्या जागी मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), टमाटर, लसूण आणि शेवटी कच्चं जवसाचं तेल घालून पाहा. जवसाचं तेल मात्र आचेवर चढवू नका, कडवट होतं. उकळलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यातल्या पिठामुळेच चटणी सरगुंड्याला धरते. दिवाळीत रस मिळायचा नाही, तेव्हा जावयाने याच्यावर भागवावं.