धुरातील गंधक आणि कोरड्या भुकटीचे गणित

कोळशावरील वीज केंद्रांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली. ५०० मेगावॅटहून लहान जुन्या संचांसाठी ती प्रति घनमीटर ६०० मिलिग्रॅम ठरली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना यातून सूट दिली. मात्र राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटर परिघातील केंद्रांना २०२७ अखेरची मुदत आहे.

जुन्या, लहान संचांना चुनखडीच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा परवडत नाही. अनेकदा जागाही नसते. तेथे धूरवाहिनीतच विरवलेल्या चुन्याची किंवा खाण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी फवारता येते. यंत्रसामग्री स्वस्त, परंतु भुकटीचा खर्च रोजचा. म्हणूनच भुकटी किती, कोठे आणि किती बारीक फवारावी, हे आधी गणिती प्रारूपावर तपासले जाते.

कागदावर हिशेब सोपा आहे. एक किलो सल्फर डायऑक्साइडला सुमारे १.१६ किलो चुना किंवा २.६ किलो सोडा पुरावा. प्रत्यक्षात दुप्पट चुना घालूनही बराच वायू निसटतो. चुन्याच्या कणावर प्रथम गंधकयुक्त क्षाराचे कवच तयार होते. हा क्षार चुन्यापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे कणाची छिद्रे बुजतात आणि आतला गाभा वापरलाच जात नाही. सोड्याचे वर्तन निराळे. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर त्यातून वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कण मक्याच्या लाहीसारखा सच्छिद्र होतो. दोन्ही भुकट्यांना एकच समीकरण लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दुसरा प्रश्न प्रवाहाचा. वाहिनीत कणाला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. सर्व कण एकाच आकाराचे आणि धुरात सारखे मिसळलेले मानले, तर उत्तर हवे तसे गोड येते. कापडी गाळणीवर साचलेल्या थरात भुकटी पुढेही वायू शोषत राहते; आपल्याकडील बहुतेक केंद्रांत मात्र विजेच्या भाराने राख ओढून घेणारी यंत्रे आहेत. गाळणीच्या केंद्रावर बेतलेले आकडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत.

वापरलेली भुकटी शेवटी राखेत मिसळते. सोड्यापासून बनलेले सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात. अशी राख सिमेंट कारखाने घेतील का आणि राखेच्या तलावातून काय झिरपेल, याचा हिशेब चिमणीपाशी थांबणाऱ्या प्रारूपात येत नाही.