सुंता आणि सहचारिणीचा कौल

सुंतेविषयी धर्मशास्त्राने मत दिले, वैद्यकानेही दिले. परंतु पुरुषाच्या या शस्त्रक्रियेने त्याच्या सहचारिणीच्या सुखात काय फरक पडतो, हे तिला फार उशिरा विचारले गेले. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने कामवासनेला आवर घालणे हा सुंतेचा एक हेतूच मानला होता. तो विचारही मुख्यतः पुरुषाचाच होता.

या प्रश्नाला खरी निकड आली ती आफ्रिकेत. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषाला स्त्रीकडून होणारा एच.आय.व्ही.चा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या साथीने ग्रासलेल्या देशांसाठी तिची शिफारस केली आणि लाखो प्रौढ पुरुषांनी ती करून घेतली. साहजिकच त्यांच्या स्त्रियांचा अनुभव हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला.

युगांडातील राकाई येथील ४५५ स्त्रियांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक स्त्रियांना काहीच फरक जाणवला नव्हता. सुमारे ४० टक्के स्त्रियांनी समाधान वाढल्याचे सांगितले व त्याचे एक प्रमुख कारण स्वच्छता हे दिले. समाधान घटल्याचे सांगणाऱ्या अवघ्या तीन टक्के होत्या. उलट डेन्मार्कमधील २०११ सालच्या पाहणीत सुंता झालेल्या पुरुषांच्या पत्नींनी अतृप्ती व वेदना यांची तक्रार अधिक प्रमाणात केली.

यांपैकी कोणताही निष्कर्ष सरसकट लावणे योग्य नव्हे. राकाईच्या स्त्रिया एकाच पुरुषाचा आधीचा व नंतरचा अनुभव सांगत होत्या. मात्र सुंता हितकारक आहे, हे त्यांच्या कानी पडलेले होते. डेन्मार्कमध्ये तुलना निरनिराळ्या जोडप्यांची होती आणि तेथे सुंता झालेले पुरुष मुळातच थोडे.

सुखाहूनही गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. बाधित पुरुषाची सुंता केल्याने त्याच्या पत्नीला संरक्षण मिळाल्याचे राकाईतील दुसऱ्या चाचणीत दिसले नाही. जखम भरण्यापूर्वी संबंध आल्यास तिचा धोका वाढू शकतो. म्हणूनच सुमारे सहा आठवडे संयम पाळण्यास सांगितले जाते. तो पाळला जाणे हे पत्नीच्या नकाराला घरात किती मान आहे, यावरही अवलंबून असते. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच्या सल्ल्याच्या वेळी, पतीची संमती असल्यास, पत्नीलाही बोलावले पाहिजे. पाहणीच्या तक्त्यात तिची नोंद मागाहून होणे पुरेसे नाही.