बुरशीची ढेप तलावात नको
तलाव ठेक्याने घेऊन रोहू-कटला वाढवणाऱ्या आपल्या बांधवांना आम्ही आवर्जून सांगतो : ओल धरलेली शेंगदाण्याची ढेप स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. मासा लगेच मरत नाही, म्हणून संशयही येत नाही. आतून यकृत खराब होते, वाढ खुंटते, प्रतिकारशक्ती घटते. मग साध्या रोगानेही मासे मरतात आणि आपण पाण्याला दोष देत औषधांवर पैसे घालवतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सरकीच्या अशाच पेंडीमुळे ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला होता. बुरशी झटकली, ढेप उकळली, तरी विष बरेचसे टिकतेच. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा.