खुनांच्या गोष्टीवर प्रेक्षक हसतात, ते का?

‘स्वीनी टॉड’ ही लंडनमधल्या एका न्हाव्याच्या सूडाची गोष्ट. न्यायाधीशाने खोट्या आरोपावरून हद्दपार केलेला हा माणूस परत येतो आणि गिऱ्हाइकांचे गळे कापू लागतो. खालच्या दुकानातली मिसेस लव्हेट त्या मांसाचं सारण भरून पाई भाजते आणि विकते. स्टीफन सोंडहाइम यांचं हे म्युझिकल १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आलं, ते मोठ्या थिएटरात आणि कारखान्यासारख्या अवाढव्य सेटवर.

२०१४ मध्ये मात्र टूटिंग आर्ट्स क्लबने ते दक्षिण लंडनमधल्या खऱ्याखुऱ्या पाईच्या दुकानात केलं.

त्याने काय बदललं?

पहिलं म्हणजे अंतर. मोठ्या थिएटरात वस्तरा लांब असतो. इथे तो हातभर अंतरावर येतो, त्यामुळे भीती खरी वाटते.

दुसरं म्हणजे हसू. पूर्वार्ध संपतो तो कोणत्या पेशाच्या माणसाची पाई कशी लागेल, अशा विनोदी गाण्यावर. मोठ्या गर्दीत आपलं हसू लपून जातं. छोट्या जागेत समोरच्याचा हसरा चेहरा दिसतो आणि त्याला आपला. उत्तरार्धात तोच बेत प्रत्यक्षात येतो, तेव्हा आपण कशाला हसलो होतो, हे आठवतं.

हा प्रयोग २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बॅरो स्ट्रीट थिएटरात गेला. तिथेही पाईच्या दुकानाचाच सेट होता आणि खेळाआधी प्रेक्षकांना पाई विकत मिळे. म्हणजे खुनांच्या या गोष्टीत गिऱ्हाईक कोण, हे आधीच ठरलेलं होतं.