पुण्याच्या नेटमधून हॅम्पशायरच्या मैदानावर

इंग्लंडमध्ये क्रिकेटचे मुख्य व्यासपीठ म्हणजे तेथील काउंट्यांची, म्हणजे परगण्यांची, वार्षिक स्पर्धा. 1890 पासून तिला अधिकृत रूप आले आणि हॅम्पशायर परगण्याचा 1895 मध्ये तिच्यात समावेश झाला. या संघात लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा असे. पलटण सुट्टी देईल तेव्हाच ते खेळत, त्यामुळे त्यांची कारकीर्द सलग न राहता तुकड्यातुकड्यांनी घडे. जॉन ग्लेनी ग्रेग हे अशाच खेळाडूंपैकी एक. 1871 मध्ये महू छावणीत जन्मलेल्या या फलंदाजाने 1901 मध्ये हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध नाबाद 249 धावा काढल्या. इंग्लंडमधील नोंदींत ही खेळी ठळकपणे आढळते. परंतु ती ज्या सरावावर उभी होती, त्याचा मोठा भाग पुण्यात झाला होता आणि त्याची दखल घेतल्यावाचून ग्रेग यांच्या कारकिर्दीचे वर्णन अपुरे राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ग्रेग पुणे जिमखान्याकडून खेळत असत. जिमखान्याच्या नोकरीत तेव्हा पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण महिना चार रुपये पगारावर होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेषा आखणे, नेट बांधणे ही कामे आटोपली की साहेबांना गोलंदाजी टाकणे हे त्याचे काम असे. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन त्याच्या डावखुऱ्या, संथगती फिरकीवर तासन्‌तास सराव करीत, आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. चार रुपये पगारापुढे आठ आण्यांचे मोल काय होते हे ध्यानात घेतले, तर प्रत्येक चेंडू किती जीव ओतून टाकला जात असेल याचा अंदाज येतो. या सरावात दोघांचीही कला घासून निघाली, मात्र बाळूंच्या हाती बॅट क्वचितच दिली गेली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला, तेव्हा त्यांना वगळणे संघाच्या हिताचे नाही असे मत ग्रेग यांनी उघडपणे मांडले. संघात जागा मिळाली, तरी चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. हा अन्याय खेळातील गुणवत्तेने पुसला गेला नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

इंग्लंडमध्येही भेदाची एक रीत होतीच. बिनमोबदला खेळणारे हौशी आणि वेतन घेणारे व्यावसायिक यांच्यासाठी मैदानावर येण्याची फाटके अनेक ठिकाणी वेगळी असत, आणि छापील धावफलकावर हौशींची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर व्यावसायिकांची नंतर येत; ही विभागणी 1962 मध्ये रद्द ठरवण्यात आली. ग्रेग हौशींत मोडत.

मुंबईच्या गव्हर्नरच्या पदरी काम केल्यानंतर ग्रेग इंग्लंडला परतले, 1922 पर्यंत हॅम्पशायरकडून खेळले, त्या दशकात त्यांनी क्लबचे सचिवपद सांभाळले आणि 1935 मध्ये ते रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले. ग्रेग यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारे बाळू 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघातून स्वतः इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी मिळवले.