एका अक्षराचा गंज

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. ते चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलू शकत नाही. जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, रात्री उशाला दोन उशा लागतात. अनेकदा त्याआधी कित्येक वर्षे, वाढलेल्या रक्तदाबाला तोंड देता देता हृदयाचा स्नायू जाड होत गेलेला असतो. तो जाड का होतो, याचे एक उत्तर अगदी सूक्ष्म जागी सापडले आहे.

पेशीतील काही आरएनए प्रथिने बनवत नाहीत. त्यांपैकी जेमतेम २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए इतर संदेशांना चिकटून त्यांना गप्प करतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४चे नोबेल मिळाले. हृदयाच्या स्नायूत ‘एमआयआर-१’ हा मायक्रोआरएनए मुबलक असतो.

ताणाखालच्या हृदयात ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात. ते ‘एमआयआर-१’च्या सातव्या जागेवरील ग्वानिन या अक्षराला जणू गंज चढवतात, असे दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते. गंजलेले अक्षर अॅडेनिनशी जुळते. वेलांटी बदलली की ‘दिन’चा ‘दीन’ होतो, तसेच हे. मग भलतेच संदेश गप्प होतात. असा बदललेला रेणू टोचल्यावर उंदरांच्या हृदयाचा स्नायू जाड झाला. त्याला अडवल्यावर ही वाढ कमी झाली. कार्डिओमायोपथीच्या रुग्णांमध्येही या बदलाच्या खुणा आढळल्या.

मग गंज रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का? हिशेब इतका सरळ नाही. रक्तवाहिन्यांचा विकार किंवा मधुमेह असलेल्या पंचावन्न वर्षांपुढील रुग्णांना सुमारे ७ वर्षे रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. २००५ मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकार टळला नाहीच, उलट हार्ट फेल्युअरचे प्रमाण काहीसे वाढले.

या एका अक्षरावर नेमका उपाय करणारे औषध दवाखान्यात अजून आलेले नाही. हाताशी आहे ते साधेच आहे. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. लोणचे-पापड आवरावे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत ते दोन किलोहून अधिक वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.