भंगारातल्या फ्लॉपीचे गाणे

संगणकावर लिहिलेला मजकूर जपून ठेवण्यासाठी आपण ज्या लहानशा चौकोनी चित्रावर टिचकी मारतो, ते चित्र कशाचे, हे माझ्या बऱ्याच वर्गमित्रांना सांगता आले नाही. ते फ्लॉपीचे चित्र. साडेतीन इंची, टणक प्लॅस्टिकच्या कवचात बसविलेली ती एक चुंबकीय चकती. तीत १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावे. आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही बहुधा तीत बसायचा नाही. सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये जपानातील फ्लॉपीची विक्री थांबविली आणि ही वस्तू जवळजवळ भंगारवाल्याच्याच हवाली झाली.

परंतु भंगाराचा नाद असलेली माणसे जगात सगळीकडे असतात. पोलंडमधील पावेल झाद्रोझ्निआक या अभियंत्याने २०११ साली फ्लॉपी वाचणाऱ्या दोन यंत्रांवर, म्हणजे ड्राइव्हवर, ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील कूचगीत वाजवून दाखविले. पुढे हा वाद्यमेळ वाढतच गेला. २०२२ सालच्या त्याच्या ‘फ्लॉपोट्रॉन’मध्ये ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह, १६ हार्ड डिस्क आणि ४ स्कॅनर आहेत!

हे गाणे निघते कसे? फ्लॉपीच्या चकतीवर एकात एक अशी ८० वर्तुळे असतात. मजकूर वाचणारे हेड एका वर्तुळावरून शेजारच्या वर्तुळावर न्यायचे, तर एक छोटी मोटर त्याला एक झटका देते. ड्राइव्ह चालू असताना येणारी खरखर पुष्कळशी या झटक्यांचीच. आता हेच झटके सेकंदाला २२० दिले, तर २२० कंपनांचा स्वर उमटतो. झटक्यांचा वेग बदला, स्वर बदलतो. अडचण एवढीच की, ८० पावले चालून झाली की हेड टोकाला पोहोचते, मग त्याला उलट्या दिशेने चालवावे लागते. आमच्या गावच्या भजनातला पेटीवाला भाता मागेपुढे करतो, तशातलाच हा प्रकार. आवाज मोठा हवा असेल, तर तोच स्वर एकाच वेळी अनेक ड्राइव्हवर वाजवायचा. म्हणून तर ५१२!

मुळात मजकूर आणि आवाज यांचे नाते जुनेच आहे. १९८१ साली आय.बी.एम.ने आपला पहिला वैयक्तिक संगणक विकायला काढला, तेव्हा त्याला कॅसेट प्लेअर जोडण्याची सोय होती. संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोन अंकांची; एकासाठी १००० कंपनांची लाट आणि शून्यासाठी २००० कंपनांची, अशी ती भाषा टेपवर ध्वनिमुद्रित होई. ऐकणाऱ्याला तो नुसता कर्कश चीत्कार वाटे, पण संगणकाला त्यातून पूर्ण प्रोग्रॅम मिळे. २०२० साली बोगिन नावाच्या एका हौशी गृहस्थाने हाच संगणक ग्रामोफोनच्या तबकडीवरून सुरू करून दाखविला. तबकडी फिरली, सुई टेकली, सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ चीत्कार चालला आणि पडद्यावर संगणक जागा झाला. त्यासाठी त्याला आवाजातील खर्ज आणि तार स्वरांचे प्रमाण नीट जुळवून घ्यावे लागले, कारण तबकडी कोरताना ते मुद्दाम बदललेले असते.

“रिकामटेकड्यांचे उद्योग!” असे कोणी म्हणेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यातून घेतली कलाशाखा. त्यामुळे “याचा उपयोग काय?” हा प्रश्न मला चांगलाच पाठ आहे. खरे सांगायचे तर मला नुसती गंमतही पुरेशी वाटते. पण विचारणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो.

प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९८५ मध्ये अमिगा नावाच्या संगणकावर काही चित्रे काढली होती. १९८७ साली तो वारला. त्याच्या फ्लॉप्या अमेरिकेतील पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात जपलेल्या होत्या, पण त्यांत काय आहे हे कोणी पाहिले नव्हते. त्या नुसत्या ड्राइव्हमध्ये घालून बघणे धोक्याचे, कारण चकतीवरचा जुना थर खरवडला तर चित्र कायमचे गेले. अखेर त्याच गावच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाने, म्हणजे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांच्याच मंडळाने, हे काम अंगावर घेतले. चकतीवरील चुंबकीय चढउतार जसेच्या तसे टिपून घेणारे एक उपकरण त्यांनी वापरले. ते उपकरण कोणा मोठ्या प्रयोगशाळेने घडविलेले नव्हते. अमिगावरचे जुने खेळ नष्ट होऊ नयेत, एवढ्याच हौसेने झपाटलेल्या मंडळींनी ते तयार केले होते! पुढे चित्रे साठविण्याची पद्धतही अनोळखी निघाली, तेव्हा पोरांनी तीही उलगडली.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ही चित्रे जगापुढे आली. त्यांत सूपचा डबा आहे, वॉरहॉलचे स्वतःचे चित्र आहे आणि बॉटिचेल्लीची व्हीनसही आहे. तिला डोळे मात्र तीन आहेत.